खतना थांबवायचा तर आपण बायकांनी आपसात बोलायला हवं

निळी_रिदा (धागाकर्ती)

माझी मुलगी येत्या उन्हाळ्यात सात वर्षांची होईल. तिचा खतना करायचा नाही, असं मी आणि माझ्या नवऱ्याने ठरवलंय. घरात अजून सांगितलेलं नाही. त्याआधी इथे लिहितेय, कारण या विषयावर आपल्या भागातल्या बायकांनी मराठीत मोकळेपणी लिहिलेलं मला कुठेच सापडलं नाही.

मी दाऊदी बोहरी. माहेर धुळे जिल्ह्यात, सासर भुसावळला, दहावीपर्यंत मराठी शाळा. खान्देशात आम्ही संख्येने थोडे. लोक आम्हाला हार्डवेअरच्या आणि रंगांच्या दुकानांवरून ओळखतात, बायकांना रिदा या रंगीत पेहरावावरून. मुलींचा खतना होतो हे शेजारीपाजारी कुणाला माहीत नसतं. माझ्या वर्गातल्या एकाही मैत्रिणीला माहीत नव्हतं.

मुलगी सातेक वर्षांची झाली की घरातली मोठी बाई, आजी, फोई किंवा मासी, तिला एखाद्या जाणत्या बाईकडे घेऊन जाते. क्लिटोरिसवर, म्हणजे योनीच्या वरच्या बाजूच्या संवेदनशील भागावर, कातडीचं जे आवरण असतं ते किंवा त्याचा तुकडा ब्लेडने कापतात. हल्ली काही जण दवाखान्यात नेतात. मुलीला आधी काही सांगत नाहीत. नंतर मात्र बजावतात, बाबांना सांगायचं नाही, भावाला सांगायचं नाही. माझ्या वेळी खाली मेणकापड अंथरलं होतं आणि कापल्यावर काळसर पूड लावली होती. लघवीला जळायचं, म्हणून मी पाणी पिणंच सोडलं. आईने ग्लास पुढे केला की तोंडाला लावायचे आणि मोरीत ओतून यायचे. उन्हाळा होता. शेवटी लघवी तुंबली, ताप चढला, आणि डॉक्टरांना खरं कारण न सांगता औषध आणलं गेलं.

आता मुद्द्याचं. 'सहियो' ही या प्रश्नावर काम करणारी संस्था. तिने २०१७ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. ३८५ बोहरी बायकांनी उत्तरं दिली होती. ८० टक्के जणींचा खतना झालेला होता, आणि ही प्रथा पुढे चालू राहू नये असं ८१ टक्के जणींनी सांगितलं. पाहणी इंटरनेटवरची होती, त्यामुळे शिकलेल्या, इंग्रजी वाचणाऱ्या बायका त्यात जास्त असणार. ते धरूनही हा आकडा मोठा आहे. मग प्रथा चालते कशी?

माझ्यापुरतं उत्तर मला सापडलंय. नणंदा, मावसबहिणी, दुकानाशेजारच्या भाभी, यांच्याशी मी एकेकटीशी बोलत गेले. एकटी असली की जवळजवळ प्रत्येकजण म्हणते, 'माझ्या हातात असतं तर मी केलं नसतं.' त्याच चौघी एका थाळाभोवती जेवायला बसल्या आणि कुणाच्या नातीचा विषय निघाला, की सगळ्या माना डोलावतात. प्रत्येकीला वाटतं, बाकीच्यांना हे हवंय. तोंड उघडलं तर आपण एकटीच वाईट ठरू, या भीतीने एकेक मुलगी नेली जाते.

म्हणून विचारतेय. तब्येतीवर नेमका काय परिणाम होतो, घाबरवून न सांगता? कायदा काय म्हणतो? दुसरीकडे बायकांनी हे कसं थांबवलं? आणि सासूबाईंना कसं सांगायचं?

भरीत_पार्टी

ताई, माझं सगळं आयुष्य जळगावात गेलं, गल्लीत दोन बोहरी घरं, आणि मला यातलं काहीही माहीत नव्हतं. लिहिलंत हे फार चांगलं केलंत. वाचतेय.

सातपुडा_एक्सप्रेस

या लोकांच्या धर्मातच असलं असतं. आपण कशाला बोलायचं, त्यांचं ते बघतील. सरकारने बंदी घालून मोकळं व्हावं.

आसोद्याची_लेक

सातपुडा_एक्सप्रेस, 'या लोकांच्या' हा शब्द मागे घ्या. पहिली गोष्ट, खान्देशातल्या बहुसंख्य मुसलमान घरांमध्ये ही प्रथा नाहीच. दुसरी गोष्ट आपल्या घरची. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. महाराष्ट्रातल्या सगळ्यांत खालच्या जिल्ह्यांमध्ये आपण होतो. त्या मुली कुणाच्या घरात नकोशा झाल्या? सोनोग्राफीला सुनेला घेऊन जाणारी सासू, गप्प बसणारी आई, 'आमच्यात असंच चालतं' म्हणणारी जाऊ, हे सगळं मी माझ्या नात्यात पाहिलंय. बायकांच्याच हातून बायकांवर होणारं हे जुनं दुखणं आहे आणि ते कुठल्या एका धर्माचं नाही. ताईंनी मदत मागितली आहे, ती करायची असेल तर इथे लिहा.

संपादक_मंडळ

धर्मावरून शेरेबाजी करणारे पुढचे प्रतिसाद काढले जातील. चर्चा विषयाला धरून ठेवावी.

प्रसूतीगृह_जळगाव

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. धागाकर्तीने 'घाबरवून न सांगता' म्हटलंय, त्याबद्दल आभार, कारण या विषयावर आफ्रिकेतली सगळ्यांत भयंकर चित्रं दाखवून बोललं जातं. मग आपल्याकडच्या बायका म्हणतात, 'आमचं तसं नसतंच,' आणि बोलणं तिथेच खुंटतं.

जागतिक आरोग्य संघटनेने याचे चार प्रकार केले आहेत. पहिल्यात क्लिटोरिसचा दिसणारा भाग किंवा फक्त त्यावरचं आवरण कापतात. दुसऱ्यात त्याबरोबर आतले ओठ. तिसऱ्यात भोक बारीक करून शिवून टाकतात, सोमालिया आणि सुदानमध्ये होतं ते हे. टोचणं, चिरणं, खरवडणं असं बाकीचं सगळं चौथ्यात येतं. बोहरी समाजात सांगितलं जातं ते पहिल्यातलं आवरणापुरतं, कधी चौथ्यातलं.

आता अडचण पाहा. सात वर्षांच्या मुलीचं ते आवरण जेमतेम काही मिलिमीटरचं, आणि त्या वयात ते खालच्या भागाला चिकटलेलं असतं. भूल नाही, मूल धडपडतंय, हातात ब्लेड. फक्त आवरण कापायचं असं ठरवलं तरी ते तेवढंच कापलं जाईल याची हमी निष्णात सर्जनसुद्धा देणार नाही. खालचा भाग किती नाजूक असतो? २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी क्लिटोरिसला जाणाऱ्या मज्जातंतूंची मोजणी केली, तेव्हा दहा हजारांहून जास्त तंतू निघाले. शरीराच्या एवढ्याशा जागेत एवढी दाटी क्वचितच सापडते.

तातडीचे धोके म्हणजे वेदना, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, आणि धागाकर्तीला झालं तसं लघवी तुंबणं. मूल दुखतं म्हणून लघवी रोखतं, पाणी टाळतं, मग मूत्रमार्गाला संसर्ग होतो. पुढच्या काळात व्रण जाड होणं, गाठ येणं, तिथे हात लागला तरी कळ येणं किंवा उलट काहीच न जाणवणं, संबंधाच्या वेळी दुखणं, हे सगळं नोंदवलेलं आहे. २०१८ मध्ये भारतातल्या बोहरी समाजाबद्दल एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना तो प्रसंग आठवत होता त्यांच्यातल्या ९७ टक्के जणींनी तो वेदनादायक होता असं सांगितलं, आणि साधारण एक तृतीयांश बायकांना आपल्या लैंगिक आयुष्यावर परिणाम झाला असं वाटत होतं. म्हणजे अनेकींना तसं वाटत नव्हतं, हेही खरं. प्रत्येकीला त्रास होतोच असं नाही. कुणाला होईल आणि कुणाला नाही, हे कापण्याआधी कुणीच सांगू शकत नाही.

बाळंतपणाबद्दल विचारतात म्हणून सांगते. २००६ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये सहा आफ्रिकी देशांतल्या २८ हजारांहून जास्त बायकांचा अभ्यास आला होता. बाळ जन्मताना किंवा लगेच नंतर दगावण्याचं प्रमाण पहिल्या प्रकारात १५ टक्क्यांनी, दुसऱ्यात ३२ आणि तिसऱ्यात ५५ टक्क्यांनी जास्त दिसलं. हे आकडे आपल्याकडच्या बायकांना जसेच्या तसे लावू नका, तिथलं कापणं बरंच जास्त असतं. पण सगळा कल एकाच बाजूला आहे. फायदा मात्र कोणत्याही अभ्यासात एकही सापडलेला नाही.

आणखी एक परिणाम, जो पुस्तकात कमी आणि ओपीडीत जास्त दिसतो. काही बायका तपासणीच्या टेबलावर झोपल्या की पाय घट्ट आवळून घेतात, घामाघूम होतात. बाळंतपणात कळा सोसताना ओरडत नाहीत, पण नर्सने हातमोजे चढवले की रडू लागतात. मागे जाऊन विचारलं तर बालपणातली अशी एखादी दुपार निघते.

बऱ्हाणपूर_माहेर

मीही बोहरी आहे, शिकलेली आहे, स्वतःचा व्यवसाय करते. माझं झालंय, मुलीचं केलंय. आम्हा दोघींना काहीही त्रास नाही. मला कुणी 'विकृत केलेली बाई' म्हटलेलं चालणार नाही. आमच्याकडे याला खफ्ज म्हणतात, ते तहारतीचा, शुद्धतेचा भाग आहे. 'दाइम अल-इस्लाम' हा आमचा हजार वर्षांपूर्वीचा ग्रंथ, त्यात ते आहे. मुलांचा खतना होतो तेव्हा कुणी आरडाओरडा करत नाही. आमच्या समाजात मुली शिकतात, धंदा सांभाळतात, आणि आम्हालाच मागासलेल्या ठरवलं जातं. माझ्यासारख्या हजारो बायका आहेत, त्यांचं मत मत नाही का?

निळी_रिदा

बेन, तुम्ही लिहिलंत याचा मला मनापासून आनंद झाला. एकीकडूनच बोलणं झालं असतं तर धागा अपुरा राहिला असता. तुम्हाला विकृत म्हणणारा शब्द मी वापरलेला नाही, वापरणार नाही. तो शब्द मलाही लागला असता.

तुम्हाला त्रास झाला नाही, हे मी मानते. माझी धाकटी बहीणही तेच म्हणते. त्याच बाईने, त्याच घरात, तिचं केलं होतं. दोघींमधला फरक ब्लेडचा होता, की हाताचा, की नशिबाचा? माझ्या मुलीच्या वाट्याला कोणता येईल हे मला कुणी सांगू शकत नसेल, तर मी तिला तिथे झोपवू कशी?

धर्माचा निवाडा करायचा माझा अधिकार नाही. पण २०१६ मध्ये अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया इथल्या आपल्याच जमातींनी, म्हणजे तिथल्या बोहरी संघटनांनी, पत्रं काढून लोकांना कळवलं, की इथल्या कायद्यात बसत नाही, तेव्हा खफ्ज करू नका. म्हणजे तिथली बोहरी मुलगी खफ्जशिवाय बोहरी राहते. तिची नमाज चालते, तिचा मिसाक, म्हणजे निष्ठेची शपथ, होतो, निकाह होतो. मग भुसावळच्या मुलीचं काय अडतं? हा प्रश्न मी खरंच विचारतेय. घरी सासूबाईंनाही हेच विचारणार आहे.

मुलग्यांबद्दल. तो वेगळा विषय म्हणून मांडा, मी त्यातही बोलेन. पण मुलग्याचा खतना उघड होतो, घरात जेवण असतं, बाप जवळ असतो. आपला चोरून होतो, आणि मुलीला गप्प बसवलं जातं. जे पुण्याचं आहे ते बापापासून लपवावं का लागतं?

रंगाचं_दुकान

पुरुष आहे, बोहरी आहे, लिहू की नको असा विचार करत होतो. आमच्या घरात ही 'बायकांची बाब' होती. मला पहिल्यांदा कळलं ते लग्नानंतर, बायकोने सांगितलं तेव्हा. तोपर्यंत माझ्या दोन बहिणींचं झालं होतं आणि मी त्याच घरात राहत होतो.

आम्हाला मुलगी झाली तेव्हा मी आईला सांगितलं, हिचं करायचं नाही, हा माझा निर्णय आहे, सुनेला बोल लावू नकोस. आई रुसली, काही महिने बोलणं तुटक होतं. पण सुनेने सांगितलं असतं तर तो तंटा झाला असता. मुलाने सांगितल्यावर तो निर्णय झाला. हे बरोबर नाही, सुनेच्या शब्दालाही तेवढंच वजन हवं, पण आज घराघरात जे आहे ते असं आहे. नवरे लोकांनो, 'बायकांचं बायका बघतील' म्हणून बाजूला होऊ नका. जाण्यायेण्याचं भाडं आणि त्या बाईचे पैसे आपल्याच गल्ल्यातून जातात.

वकिली_धुळे

कायद्याचं थोडक्यात. भारतात खतन्यावर वेगळा कायदा नाही. पण धारदार हत्याराने इजा करणं हा गुन्हा पूर्वी भारतीय दंडविधानात होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ मध्ये आहे. मुलगी अठराच्या आतली असल्याने पॉक्सोचा, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचा मुद्दा येतो. आईबापांनी संमती दिली म्हणून लहान मुलीला इजा करण्याचा परवाना मिळत नाही, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयात झाला आहे. २०१७ मध्ये दिल्लीतल्या एका वकील बाईंनी जनहित याचिका दाखल केली. २०१८ च्या सुनावणीत केंद्र सरकारच्या महान्यायवाद्यांनी याचिकेला पाठिंबा दिला. प्रथेच्या बाजूने असलेल्या बोहरी बायकांनीही न्यायालयात आपलं म्हणणं मांडलं. सप्टेंबर २०१८ मध्ये प्रकरण घटनापीठाकडे गेलं, आणि नोव्हेंबर २०१९ च्या शबरीमला फेरविचार निकालात हा प्रश्न धर्मस्वातंत्र्याच्या इतर प्रश्नांबरोबर आणखी मोठ्या पीठासमोर ठेवायचा ठरला.

आणखी एक. डिसेंबर २०१७ मध्ये महिला व बालविकास मंत्रालयाने न्यायालयाला सांगितलं, की या प्रथेचा अधिकृत आकडा किंवा अभ्यास उपलब्ध नाही. आकडा येणार कुठून? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा प्रश्नच विचारला जात नाही.

निळी_रिदा

वकीलसाहेब, मला पोलीस नको आहेत. सासूबाईंना तुरुंगात पाठवायचं माझ्या स्वप्नातही नाही, त्यांनी माझ्या दोन्ही बाळंतपणांत माझं सगळं केलंय. मला भीती वेगळी आहे. जमातीत कुजबुज होईल, सासऱ्यांना बोलावून विचारलं जाईल, दुकानाच्या उधारीवर परिणाम होईल. त्याचं काय?

वकिली_धुळे

त्यासाठी महाराष्ट्रात कायदा आहे, आणि असा वेगळा कायदा आपल्या राज्याने आधी केला. सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा २०१६, लागू झाला जुलै २०१७ पासून. तो सगळ्या जातींना, पंथांना लागू आहे. कुणाला समाजाच्या कार्यक्रमातून, प्रार्थनास्थळातून किंवा स्मशान-दफनभूमीतून अडवणं, धंद्याचे संबंध तोडायला लावणं, लग्न मोडायला भाग पाडणं, हे गुन्हे आहेत. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जातपंचायतींचा जाच सोसलेल्यांच्या लढ्यातून हा कायदा आला. तक्रार करायची वेळ न येवो, पण कुणी दबाव आणला तर हे नाव नुसतं उच्चारल्यानेही फरक पडतो, असा माझा जातपंचायतीच्या प्रकरणांतला अनुभव आहे.

अमळनेर_ते_सिडनी

ऑस्ट्रेलियात राहतो, म्हणून इथलं सांगतो. न्यू साउथ वेल्समध्ये बोहरी समाजातल्याच दोन बहिणींच्या खतन्याचा खटला झाला. आई, एक निवृत्त परिचारिका आणि एक धर्मगुरू आरोपी होते. बचाव असा होता की फक्त किंचित टोचलं, काही कापून टाकलेलं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की किंचित चीरसुद्धा या कायद्याखाली गुन्हाच आहे. मायदेशी सुट्टीला मुलगी नेऊन केलं तरी तो इथे गुन्हा धरतात. भारतातल्या आजीला हे माहीत नसतं, ती प्रेमाने म्हणते, 'इकडे आलीच आहे तर करून घेऊ.' ज्यांची नातवंडं परदेशात आहेत त्यांनी हे घरात सांगून ठेवा.

पावरा_शाळा_नंदुरबार

दुसरीकडे कसं थांबलं, हा प्रश्न होता ना? मी बायकांच्या बचतगटांबरोबर काम करते, त्यामुळे सेनेगलची गोष्ट मला फार जवळची वाटते. तिथे मालिकौंडा बांबारा नावाचं एक गाव. 'तोस्तान' या संस्थेने बायकांसाठी वर्ग चालवले. लिहिणं-वाचणं, आरोग्य, हक्क, असं सगळं. खतना बंद करा असा उपदेश त्यात नव्हता. बायका आपसात बोलू लागल्या, प्रत्येकीला कळलं की शेजारणीलाही रक्तस्राव झाला होता. जुलै १९९७ मध्ये गावाने सगळ्यांसमोर जाहीर केलं, आम्ही थांबवतोय. शेजारच्या गावांनी नावं ठेवली. तेव्हा कळलं, की एक गाव पुरत नाही. जिथे मुली द्यायच्या-आणायच्या त्या सगळ्या गावांनी मिळून ठरवावं लागतं, नाहीतर मुलीच्या लग्नाची धास्ती संपत नाही. मग एकेक करत सोयऱ्यांची गावं जोडली गेली. १९९९ मध्ये कायदा आला, तो त्यानंतर.

निळी_रिदा, तुम्ही थाळाभोवतीच्या चार बायकांचं लिहिलंत ते हेच. तुमची सोयरीक जिथे जिथे जुळते, भुसावळ, बऱ्हाणपूर, इंदूर, सुरत, तिथल्या पाचसहा आया एकमेकींना 'आम्ही करणार नाही' म्हणाल्या, की मुलीच्या लग्नाचा बागुलबुवा निम्मा संपतो.

नुसत्या कायद्यावर विसंबू नये याचंही उदाहरण आहे. गांबियात २०१५ पासून बंदी आहे. २०२४ मध्ये ती उठवायचं विधेयक तिथल्या संसदेत आलं. जुलैमध्ये ते फेटाळलं गेलं, पण तोवर बायकांना पुन्हा रस्त्यावर उतरावं लागलं. इजिप्तमध्ये तर वेगळीच वाट निघाली. २००८ मध्ये गुन्हा ठरवला, तरी लोकांनी सुईणी सोडून डॉक्टर धरले, आणि आता तिथलं बहुतांश कापणं डॉक्टरच करतात. 'दवाखान्यात केलं म्हणजे सुरक्षित' ही समजूत आपल्याकडे पसरू देऊ नका. स्वच्छ ब्लेडने संसर्ग टळेल, पण जे कापलं ते परत येत नाही.

अहिरानी_माय

ताई, तुम्ही लिखं ते वाचीसनी जीव कसामसा व्हयना. आमना गावमा बोहरीनं दुकान शे, त्यासनी सून मन्ही बहीणनी मैतरीन. ती बोलता बोलता मझारच का थांबी जाये ते आते समजनं. उद्या मी तिले हाऊ धागा दखाडसू.

भरीत_पार्टी

दाखवा, पण तिला एकटीला गाठून आणि तिने विचारलं तरच. सासरच्या कुणासमोर फोन पुढे करू नका.

काचेची_बरणी

मी बोहरी, जळगाव जिल्हा, याहून जास्त सांगत नाही. मला एक वेगळीच गोष्ट मांडायची आहे, जी कुणी लिहीत नाही.

माझ्या ओळखीत अशा आया आहेत ज्यांनी केलं नाही आणि 'झालं' म्हणून सांगितलं. मुलीला दोन दिवस घेऊन आल्या, परत जाऊन सासूला म्हणाल्या, करून आणलं, ठीक आहे ती. विषय संपला. मुलगी वाचली, भांडण टळलं. मला त्या बायकांबद्दल फार आदर आहे, त्यांच्यापाशी दुसरा मार्ग नव्हता.

पण याचा परिणाम बघा. सासूला वाटतं सगळ्यांच्या मुलींचं होतंय. धाकट्या जावेला वाटतं थोरलीने केलं, मग मी कोण नाही म्हणणारी? थोरलीने जी मुलगी वाचवली, तिच्याच खोट्यामुळे धाकटीची मुलगी ब्लेडखाली जाते. निदान जावेला, निदान बहिणीला तरी खरं सांगा. चारचौघांत जाहीर करायला नको, एका कानात सांगितलं तरी पुरे.

निळी_रिदा

काचेची_बरणी, तुमचा प्रतिसाद मी परत परत वाचतेय. खरं सांगू, खोटं सांगायचा विचार माझ्याही मनात आला होता, तो सोपा होता. आता नाही करणार. माझ्या जावेची मुलगी चार वर्षांची आहे. सासूबाईंच्या आधी मी जावेशी बोलेन.

आसोद्याची_लेक

सासूबाईंना कसं सांगायचं, त्यावर माझे दोन पैसे. जेवणखाण, पाहुणे, सण अशा वेळी विषय काढू नका. त्यांनी स्वतःचं जे सोसलं त्याबद्दल आधी विचारा आणि मध्ये न बोलता ऐका. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी झोक्यावर बसल्या की म्हाताऱ्यासुद्धा जे कधी बोलल्या नाहीत ते बोलतात, मी माझ्या आजीकडून तिच्या पाडलेल्या गर्भाबद्दल असंच ऐकलं. त्यांनाही कुणी विचारलेलं नसतं. तुमच्या सासूबाई सात वर्षांच्या होत्या तेव्हा काय झालं, हे त्यांना आयुष्यात कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही.

आणि निर्णय झाल्यावर काही महिने तरी मुलीला एकटीला सुट्टीत कुणाकडे पाठवू नका. हे अविश्वासाने म्हणत नाही. प्रेमापोटी, 'पोरीचं राहून जायला नको' म्हणूनच बहुतेक वेळा होतं. मुलीलाही साध्या शब्दांत सांगा, की चड्डीच्या आत कुणी हात लावायचा नाही, घरातल्या बाईनेसुद्धा नाही, आणि लावला तर आईला सांगायचं. तिला धोका वाटला तर १०९८ हा मुलांसाठीचा नंबर आहे, तो शाळेतही शिकवतात.

बऱ्हाणपूर_माहेर

मी सगळं वाचलं. माझं मत बदललेलं नाही. माझ्या मुलीचं मी श्रद्धेने केलं आणि त्याबद्दल मला कुणी जाब विचारू नये. पण परदेशातल्या पत्रांचा मुद्दा खरा आहे, ती पत्रं माझ्या भावाकडेही आली होती. जी आई करणार नाही तिला मी बेदीन म्हणणार नाही, आणि माझ्यासमोर कुणी म्हटलं तर ऐकून घेणार नाही. नातीच्या वेळी काय ते माझी मुलगी ठरवेल.

निळी_रिदा

बेन, शुक्रिया. तुम्ही हे तुमच्या मजलिसमध्ये एकदा बोललात, तर माझ्यासारख्या दहा जणींनी लिहिण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

हिरवी_पाटी

मी बावीस वर्षांची, बोहरी, पुण्यात शिकते, घर धुळ्याला. माझं झालंय का हेच मला माहीत नाही. लहानपणीची मुंबईतली एक खोली आणि फोईचा हात एवढंच आठवतं. आईला विचारायची हिंमत होत नाही. डॉक्टरांकडे गेले तर त्यांना कळेल का? ते हसतील का? आणि झालं असेल तर आता काय करायचं?

प्रसूतीगृह_जळगाव

हसणार नाहीत, आणि हसले तर उठून दुसरीकडे जायचं. पुण्यात स्त्री डॉक्टर गाठा, वेळ घेतानाच सांगा की बाहेरूनच तपासणी हवी आहे, आत काही घालायचं नाही. तपासणीच्या वेळी आरसा मागा, डॉक्टर दाखवत दाखवत सांगतील. एक आधीच सांगते, फक्त टोचलं असेल किंवा थोडंसं कापलं असेल तर मोठेपणी ते नुसतं पाहून ठरवणं अनुभवी डॉक्टरलाही जड जातं. 'नक्की सांगता येत नाही' असं उत्तर आलं तर ते टाळाटाळ समजू नका.

दुखणं, जळजळ, सारखा लघवीचा संसर्ग, व्रणाची गाठ, यातलं काही असेल तर त्यावर उपचार आहेत. यातलं काहीच नसेल तर तुमच्या शरीरात काहीतरी बिघडलंय असं धरून चालू नका. क्लिटोरिसचा बराच मोठा भाग आत असतो, बाहेर दिसतो तो थोडा. पुढे लग्न झालं, संबंध आले, तेव्हा घाई करू नका आणि भीती वाटली तर समुपदेशकाकडे जायला लाजू नका. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरला आधीच सांगून ठेवा, म्हणजे तपासणी हळू आणि विचारून केली जाईल.

आईला लगेच विचारायची सक्ती स्वतःवर करू नका. विचारावंसं वाटलंच, तर 'तू असं का केलंस' यापेक्षा 'तेव्हा काय झालं होतं ते मला सांगशील का' असं विचारा. धुळ्यात आल्यावर माझ्याकडे यायचं असेल तर इथल्या निरोपपेटीत लिहा, पैसे लागणार नाहीत.